जुनी स्पोर्ट्स कार सांभाळायचा खर्च एवढा का वाढलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं नक्की कुठल्या गाड्यांबद्दल आहे?

मुख्यतः जुन्या ब्रिटिश एमजी. टीसी, टीडी, एमजीए आणि एमजीबी ही मॉडेलं. मुंबई-पुण्याकडच्या रॅलीत दिसणाऱ्या दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या गाड्यांमध्ये याच जास्त असतात आणि मलाही यातलीच माहिती आहे. ट्रायम्फ, जॅग्वार वाल्यांना यातलं बरंचसं लागू पडेल. पोर्शे, फेरारीचा विषय वेगळा आहे, त्याबद्दल खाली थोडं लिहिलंय. आणि आत्ता शोरूममध्ये एमजी नावाने ज्या गाड्या मिळतात त्यांचा इथे संबंध नाही, ॲबिंग्डनचा मूळ कारखाना १९८० मध्येच बंद झाला.

खर्च वाढला म्हणजे पार्ट महाग झाले ना?

पार्ट महाग झालेत, पण खरा खर्च तिथे नाहीये. खरा खर्च आहे माणसाच्या तासांचा. एक उदाहरण घ्या, एमजीबीची क्लच प्लेट. क्लचचा किट म्हणजे प्लेट, कव्हर आणि कार्बनचं रिलीज बेअरिंग, तो काही फार महाग प्रकार नाही, एखाद्या आजच्या मोठ्या गाडीच्या किटपेक्षा स्वस्तच पडेल. पण या गाडीत खालून नुसता गिअरबॉक्स उतरवून क्लच निघत नाही, इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणजे बॉनेट काढा, रेडिएटर काढा, दोन्ही कार्बोरेटर काढा, वायरिंग सोडवा, चेन-पुली लावा, इंजिन उचला, आणि मग हे सगळं उलट्या क्रमाने परत बसवा आणि परत ट्यूनिंग करा. चांगल्या हाताच्या माणसाचे दोन पूर्ण दिवस जातात, गंजलेले बोल्ट तुटले तर तीन. आणि इंजिन बाहेर आलंच आहे तर मागचं ऑइल सील बदलून घ्या, माउंटिंग बदलून घ्या, होज बदलून घ्या, असं होतंच आणि ते व्हायलाच पाहिजे, कारण सहा महिन्यांनी तेच सील गळायला लागलं तर परत तेच दोन दिवस.

ब्रिटनमध्ये या गाड्यांच्या स्पेशालिस्ट गॅरेजचा तासाचा दर साधारण ७० ते १०० पौंड चालतो. आपल्याकडे दर खूप कमी आहे, पण आपल्याकडे ते काम येणारा माणूसच कमी आहे, त्यामुळे तास जास्त लागतात, थांबावं लागतं, आणि कधीकधी एकच काम दोनदा होतं.

मग असे मिस्त्री गेले कुठे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो.

या गाड्यांचं काम येणारी माणसं या गाड्यांवर कधीच पोट भरत नव्हती. शहरात अशा गाड्या असणार किती! त्यांचं रोजचं काम होतं टॅक्सी, अँबॅसिडर, फियाट. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सीबी पॉइंट (इग्निशनचे पॉइंट) घासणं, टॅपेट सेट करणं, कार्बोरेटर उघडून फुंकणं, ब्रेकचे व्हील सिलिंडर बदलणं. त्या रोजच्या कामातून हात आणि कान तयार व्हायचे आणि मग एखादी एमजी आली की ते तिच्यावरही चालायचे. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, अँबॅसिडरचा उत्तरपाड्याचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला आणि ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी मुदत संपून गेली. लोकांनी टॅक्सीबरोबर सेल्फी काढले, बातम्या आल्या, पण त्या टॅक्सीबरोबर कार्बोरेटरवाल्यांचं शेवटचं रोजचं काम गेलं हे कुणी फारसं बोललं नाही.

आता एसयू या ब्रिटिश कंपनीच्या कार्बोरेटरचं ट्यूनिंगच बघा. एमजीबीला दोन एसयू असतात आणि दोन्हींनी सारखी हवा ओढली पाहिजे. जुना माणूस काय करतो, तर हातभर रबरी नळी घेतो, एक टोक कानाला, दुसरं टोक आधी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग मागच्या, आणि फुसकारा दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहतो. मग मिक्श्चर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण. खालची पिन दाबून पिस्टन अगदी किंचित, मिलिमीटरपेक्षाही कमी उचलायचा. इंजिन वेगात गेलं आणि तसंच राहिलं तर रिच (पेट्रोल जास्त), बसायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), क्षणभर थोडंसं वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. वाचायला सोपं आहे, पण हे बरोबर आलंय का चुकलंय हे कानाला कळायला शेकडो गाड्या हाताखालून जाव्या लागतात. स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचायला शिकलेल्या मुलाला हे येत नाही यात त्याची काहीच चूक नाही, त्याच्यासमोर अशी गाडी येतच नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की चांगला मिस्त्री मिळाला असेल तर त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करू नका. पार्टवाल्याशी करा, कुरिअरवाल्याशी करा, त्याच्याशी नको. आणि त्याच्या हाताखाली एखादा मुलगा शिकत असेल तर त्यालाही तुमच्या गाडीला हात लावू द्या, थोडा जास्त वेळ लागला तरी चालेल.

पार्ट बाहेरून मागवले तर कितीला पडतात?

एमजीचं एक चांगलं आहे, पार्ट मिळतात. एमजीबी १९६२ ते १९८० पर्यंत बनली आणि पाच लाखांच्या वर बनली, त्यामुळे इंग्लंडमध्ये तिच्यासाठी जवळजवळ सगळं अजून तयार होतं, अगदी मूळच्या डायवर (पत्रा दाबायच्या साच्यावर) बनवलेली अख्खी नवी बॉडी शेलसुद्धा मिळते, तिची किंमत दहा हजार पौंडांच्या वर आहे ते सोडा.

पण रुपयात हिशोब केला की चित्र बदलतं. २०१० च्या सुमारास पौंड सत्तर रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ११५ च्या आसपास गेला. म्हणजे तिकडे किंमत एक पैसा वाढली नसती तरी आपल्याला तो पार्ट दीडपटीहून जास्त महाग पडला असता, आणि तिकडेही किंमती वाढल्याच आहेत. वर कस्टम ड्युटी नुसत्या पार्टवर नाही, तर पार्ट अधिक भाडं अधिक इन्शुरन्स या सगळ्यावर लागते आणि आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) ड्युटी धरून जी रक्कम होते तिच्यावर लागतो. त्यामुळे लीफ स्प्रिंग, ब्रेक ड्रम असला जड माल विमानाने मागवला तर भाडंच पार्टच्या वर जाऊ शकतं. दोघा-तिघांनी मिळून एकदम ऑर्डर द्या, बराच फरक पडतो.

स्वस्तातले कॉपी पार्ट चालतात का?

काही चालतात, काही अजिबात नाही. रबर आणि इग्निशन या दोन ठिकाणी पैसे वाचवू नका. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर आणि कंडेन्सर हे दोन्ही दिसायला फालतू पार्ट आहेत, पण हल्लीचे कॉपी रोटर आतल्या रिव्हेटमधून करंट लीक करतात आणि गाडी गरम झाली की बंद पडते, थंड झाली की सुरू होते, आणि लोक पेट्रोल पंप बदलतात, कार्बोरेटर उघडतात, कॉइल बदलतात, चार ठिकाणी पैसे घालतात. जुना ओरिजिनल कंडेन्सर चालू स्थितीत असेल तर फेकू नका, डिकीत जपून ठेवा. नवीन पॅकबंद म्हणजे चांगलाच असं हल्ली राहिलेलं नाही.

अँबॅसिडरचे पार्ट एमजीला बसतात असं ऐकलंय, खरं का?

अर्धं खरं. एमजीए १५०० चं इंजिन आणि जुन्या पेट्रोल अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन हे दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज घराण्यातले, एकाच घरातली सख्खी भावंडं म्हणा. त्यामुळे आतले बरेच पार्ट, काही गॅस्केट वगैरे जुळतात किंवा थोडं काम करून जुळवता येतात. पण हेड, कॅम, कार्बोरेशन वेगळं आहे, आणि एमजीबीचं इंजिन त्याच घराण्यातलं असलं तरी १७९८ सीसीचं, तिथे पिस्टन-रिंगसाठी अँबॅसिडरकडे बघूच नका. अँबॅसिडरचं डिझेलही १४८९ सीसीचंच होतं, दुकानदार सीसी ऐकून डिझेलचा माल हातात देतो, म्हणून जुना पार्ट बरोबर घेऊन जा आणि शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजून घ्या. नंतरच्या अँबॅसिडरला १.८ लिटरचं इसुझू इंजिन आलं, त्याचा तर इथे काहीच उपयोग नाही.

तसंच ट्रायम्फ स्पिटफायर आणि मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेराल्ड यांचं नातं आहे, स्पिटफायर हेराल्डच्याच चासीवरून आली. पुढच्या सस्पेन्शनची बरीच रचना सारखी.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, इथे अजून जुन्या स्टॉकचा माल निघतो. पण काउंटरवरच्या पोराला विचारून उपयोग नाही, मालक दुकानात असेल तेव्हा जा, माळ्यावर काय पडलंय ते त्यालाच माहीत असतं.

टीसी-टीडीवर काम करायला साधे पाने का चालत नाहीत?

या गाड्यांच्या एक्सपीएजी इंजिनात बोल्टचे आटे मेट्रिक आणि डोकं मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचं. तेही साधं मेट्रिक नाही, ८ मिलिमीटरला १ चा पिच (दोन आट्यांमधलं अंतर), आणि आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सर्रास मिळतो तो १.२५ चा. नवीन मुलगा मेट्रिक पाना जवळपास बसतोय म्हणून लावतो, डोकं गोल करतो, मग बोल्ट बदलायला दुकानातला १.२५ चा आणतो, तो दोन आटे जातो, पुढे जोर लावला की ब्लॉकमधले आटे गेले. आता लेथवाल्याकडे जा, हेलिकॉइल (नवीन आट्यांची तारेची स्प्रिंग) टाका. साठ-सत्तर रुपयांच्या बोल्टचं काम हजारांत जातं. व्हिटवर्थ पान्यांचा सेट स्वतः घेऊन ठेवा आणि गाडीबरोबर गॅरेजला द्या.

ई२० पेट्रोलने खरंच नुकसान होतं का, का उगाच भीती?

होतं. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. या गाड्या डिझाइन झाल्या तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल धरलेलंच नव्हतं. इथेनॉल जुनं रबर आणि कॉर्कची गॅस्केट खातं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं, तिथून गंज सुरू. शिवाय इथेनॉलमुळे मिक्श्चर लीन होतं, इंजिन गरम चालतं, पिकअपला खोकतं.

जुनी पेट्रोल होज सगळी काढून टाका आणि इथेनॉल चालणारी, जे३० आर९ या मानकाची होज लावा. हे काम पुढे ढकलू नका, चिरलेल्या होजमधलं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडलं की अख्खी गाडी जाते. फ्लोट चेंबरची नीडल व्हिटॉन (इथेनॉलला टिकणारं रबर) टोकाची घ्या. एसयूची मुख्य नीडल एक पायरी रिच करून बघा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवू नका, थोडंच पेट्रोल ठेवा आणि निघताना ताजं भरा असं काहीजण करतात, काहीजण उलट टाकी काठोकाठ भरतात म्हणजे आत हवा कमी राहते. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण आपल्या पावसाळ्यात जुनं ई२० टाकीत ठेवणंच मला पटत नाही. महागड्या १०० ऑक्टेन पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का नाही ते पंपावर विचारून घ्या, नसेल तर वर्षाला पाच-सातशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीला ते परवडतं.

ब्रिटनवाल्यांचंही तेच चाललंय, तिकडे सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, पण सुपर ग्रेड ई५ ठेवलंय म्हणून निभावतं.

आणि शिसं? पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं ना?

हो, २००० साली आपल्याकडे शिसं पूर्ण बंद झालं. शिसं व्हॉल्व्हच्या सीटला जपायचं. हेड कधी काढलंच तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या आणि विषय संपवा. मुद्दाम त्यासाठी हेड काढू नका, आपण या गाड्या तेवढ्या रेटत नाही.

ऑइल कुठलं टाकू? नवीन सिंथेटिक महाग आहे म्हणजे चांगलं असेल ना?

नाही. २०डब्ल्यू-५० मिनरल टाका, झिंक जास्त असलेलं. या इंजिनात कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासून चालतात, त्यांना झिंकचं संरक्षण लागतं आणि नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं. पातळ सिंथेटिक टाकलं तर वर सगळ्या सीलमधून गळतंही.

गाडी चालवलीच नाही तर खर्च वाचेल ना?

उलटं आहे. उभी गाडी जास्त महाग पडते. ब्रेक ऑइल पाणी ओढतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजून जाम होतात, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते, वॉटर पंपचं सील सुकतं, टायर चपटे होतात, उंदीर वायरिंग खातात. दर पंधरा दिवसांनी, पावसाळ्यात कोरडा दिवस बघून, वीस-पंचवीस किलोमीटर तरी फिरवून आणा, ऑइल पूर्ण गरम होईपर्यंत. नुसती जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करण्यात फायदा नाही, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून सडतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, बदललं त्याची तारीख वहीत लिहा.

घ्यायची असेल तर काय बघू?

गंज. इंजिन कितीही खराब असलं तरी ते बरं करता येतं, सडलेला पत्रा मात्र खिसा रिकामा करतो. एमजीबीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते आणि दाराखालचे सिल (पत्र्याच्या लांब पेट्या) हा तिचा कणा. ते तीन थरांत असतात, बाहेरून दिसतो तो फक्त एक. दार उघडताना उचलावं लागतंय का बघा, दाराच्या मागच्या फटीत वर आणि खाली सारखं अंतर आहे का बघा, आणि मालक हो म्हणाला तर सिलच्या मधोमध जॅक लावून दार परत उघडून बघा. फट बदलली किंवा दार अडकलं तर आतला पत्रा गेलाय, वरून पुट्टी आणि रंग कितीही सुंदर असू दे. लोहचुंबक बरोबर न्या, जिथे पुट्टी जाड असेल तिथे ते चिकटत नाही.

आतून सडलेली एमजीबी पूर्ण उघडून नीट करायची तर हजार तास सहज जातात. आणि लक्षात घ्या, एमजीबी काही कोटीत विकली जाणारी गाडी नाही, ब्रिटनमध्येसुद्धा रिस्टोअर करायचा खर्च बऱ्याचदा गाडीच्या किंमतीच्या वर जातो. म्हणून स्वस्त, पडलेली गाडी घेऊन उभी करण्यापेक्षा दुसऱ्या कुणीतरी पैसे घालून नीट केलेली गाडी जास्त पैसे देऊन घ्या, शेवटी स्वस्त पडेल.

आरटीओचा खर्च किती?

इथे वाढ खूप झालीये. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या नियमानुसार वीस वर्षांवरच्या इंपोर्टेड चारचाकीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी ८०,००० रुपये, जीएसटी वेगळा, आणि हे दर पाच वर्षांनी. भारतात बनलेल्या वीस वर्षांवरच्या कारला तीच फी १०,००० आहे. म्हणजे वडिलोपार्जित एमजी असलेल्या माणसाला नुसती ती कागदावर जिवंत ठेवायला एवढे पैसे. हे मला अन्यायाचं वाटतं, कारण वर्षाला काहीशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीने प्रदूषण ते किती होणार.

दुसरा रस्ता म्हणजे २०२१ चे व्हिंटेज नियम. पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी असेल तर व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, नवीन नोंदणीला २०,०००, दहा वर्षं चालते, पुढे रिन्यूअल ५,०००. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. तुम्ही गाडी फक्त रॅलीला काढत असाल तर हेच घ्या. रविवारी सकाळी सहज लोणावळ्यापर्यंत जाणाऱ्यांनी मात्र नीट विचार करा.

इलेक्ट्रिक किट बसवून टाकलं तर कटकट संपेल का?

इंजिन बदललं की गाडी मूळ रूपात राहिली नाही, व्हिंटेज नोंदणी गेली. मला वैयक्तिक विचाराल तर नका करू.

मी इंग्लंडला असतो, इथेच एक घेऊन ठेवू का?

ठेवा, सगळ्यात सोपं तिथेच आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि २०१८ पासून बहुतेकांना एमओटीही (गाडीची वार्षिक तपासणी) नाही. तरी वर्षातून एकदा स्वेच्छेने एमओटी करून घ्या, ब्रेक आणि पत्रा तिसऱ्या माणसाने बघितलेला बरा. पार्ट दुसऱ्या दिवशी घरी येतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तेव्हा गाडी बाहेर काढू नका.

पोर्शे-फेरारीवाल्यांचं काय?

त्यांचं गणित वेगळं. पोर्शेची एअर-कूल्ड ९११ ही १९९८ ला संपली आणि त्यानंतर त्यांच्या किंमती इतक्या चढल्या की मालक लाखो रुपये दुरुस्तीला घालायला तयार होतात, आणि तो तयार आहे म्हटल्यावर पार्ट आणि मजुरीही चढते. फेरारी टेस्टारोसा, ३४८, एफ३५५ या गाड्यांना टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि बेल्ट गाडी चालली नाही तरी वयाने बदलावाच लागतो. चांगली गोष्ट म्हणजे मोठ्या कंपन्या आता स्वतः जुने पार्ट परत बनवतायत, पोर्शेने फक्त २९२ बनलेल्या ९५९ साठी क्लचचा रिलीज लिव्हर थ्रीडी प्रिंट करून द्यायला सुरुवात केली.

बाबांची गाडी आहे, दहा-बारा वर्षं उभी आहे, सगळं एकदम करायला पैसे नाहीत. विकून टाकू?

घाई करू नका. आणि बॅटरी लावून सेल्फ तर अजिबात मारू नका. आधी स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या, मग हाताने इंजिन फिरतंय का बघा. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. मग टाकी उतरवून साफ करा, होज बदला, मग ब्रेक पूर्ण, मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत. आधी थांबता आलं पाहिजे, मग चालवायचं. त्यानंतर टायर, साइडला चार आकड्यांचा कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, दहा वर्षांवरचे असतील तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, बदला. रंग, क्रोम, सीटकव्हर सगळ्यात शेवटी, दोन-तीन वर्षांनी केलं तरी चालतंय. बहुतेक लोक उलटं करतात, आधी रंगाला पैसे घालतात, मग ब्रेकला उरत नाहीत आणि गाडी चकाचक होऊन परत शेडमध्येच उभी.

आरसी बुक, जुनी बिलं, बाबांच्या हातचे हिशोबाचे कागद यातलं काहीही फेकू नका, चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतोय का ते पहिल्याच दिवशी टॉर्च लावून बघा. नंबरात फरक निघाला तर गाडीवर रुपयाही घालायच्या आधी आरटीओत जाऊन ते सोडवा.